नक्षत्रवन आखताय? ठाणे–नवी मुंबईत हमखास होणाऱ्या या चुका टाळा

नक्षत्रवन म्हणजे सत्तावीस नक्षत्रांपैकी प्रत्येकाला परंपरेने नेमून दिलेले झाड क्रमाने लावलेली बाग. सत्तावीस खड्डे, सत्तावीस रोपे, सत्तावीस पाट्या. पर्यावरणदिनाला नारळ फुटतो, फोटो होतात. तीन पावसाळ्यांनी त्याच जागी गेलात तर वड, पिंपळ, उंबर जोमात असतात आणि पाट्याही शाबूत असतात. पण ‘आश्लेषा : नागचाफा’ या पाटीमागे नुसते आळे उरलेले असते, ‘रेवती : मोह’च्या मागे कोणीतरी शोभेचा फायकस लावलेला असतो आणि शमीच्या जागी भलतेच झाड शेंगा धरून उभे असते.

असे होते, कारण पंचांगातली यादी आहे तशी जमिनीवर उतरवली जाते. यादीतली झाडे एका मुलखातली नाहीत. साल मध्य आणि पूर्व भारतातला, शमी कोरड्या प्रदेशातली, कृष्णागरू ईशान्येकडचा, वेत ओलसर सावलीतल्या रानातला. त्यांना येऊरच्या पायथ्याच्या मुरमात किंवा वाशी-नेरुळच्या भरावात एकाच मापाच्या खड्ड्यात, एकाच अंतरावर लावले की निकाल ठरलेला. परंपरेने नक्षत्रांचा क्रम सांगितला आहे, झाडांमधले अंतर सांगितलेले नाही. ते ठरवायची मोकळीक आपल्याला आहे, आणि बहुतेक बागा ती वापरतच नाहीत.

वेगवेगळ्या याद्या एकत्र करू नका

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या याद्यांमध्ये उत्तर भारतातली आणि आपल्या पंचांगातली झाडे मिसळलेली असतात. हस्ताला आपल्याकडे जाई सांगतात, काही याद्यांत रिठा येतो. अनुराधेपुढे कुठे नागकेशर, कुठे बकुळ. आर्द्रेला कुठे कृष्णागरू, कुठे शिसव. विशाखेला कुठे नागकेशर, कुठे विकंकत. अर्धी नावे इकडून, अर्धी तिकडून घेतली की एखादे झाड दोनदा येते, एखादे सुटते आणि पाटी रंगवून झाल्यावर वाद सुरू होतो. एक यादी निवडा आणि ती कोणत्या पंचांगातली आहे ते प्रवेशाच्या फलकावर लिहून टाका.

एक गोम लक्षात ठेवा. मराठी याद्यांत आश्लेषेला नागचाफा आणि अनुराधेला, बऱ्याचदा विशाखेलाही, नागकेशर असते. नावे दोन असली तरी झाड एकच, मेसुआ फेरिया. म्हणजे अतिशय सावकाश वाढणारी तीन झाडे तुमच्या वर्तुळात येणार. तिन्ही रोपे एकाच वयाची, किमान चार फुटी घ्या. विशाखा आणि अनुराधा तर शेजारी-शेजारीच आहेत. हे नको असेल तर अनुराधेला बकुळ देणारी यादी पहिल्या दिवसापासून धरा, मध्येच बदलू नका.

जन्मतारखेवरून झाड वाटू नका

सोसायटीत प्रत्येक कुटुंबाला ‘तुमचे झाड’ द्यायचे ठरते आणि अर्जात फक्त जन्मतारीख मागवली जाते. त्यावरून नक्षत्र ठरत नाही. जन्मनक्षत्र म्हणजे जन्मवेळी चंद्र ज्या नक्षत्रात होता ते. चंद्र सत्तावीस नक्षत्रे साधारण २७.३ दिवसांत ओलांडतो, म्हणजे एका नक्षत्रात जेमतेम एक दिवस असतो आणि दिवसाच्या कोणत्याही तासाला पुढच्या नक्षत्रात जातो. त्यामुळे तारीख, वेळ आणि गाव, तिन्ही मागवा.

दुसरा गोंधळ राशीचा. इंग्रजी वर्तमानपत्रातली रास सूर्याची आणि सायन (वसंतसंपातापासून मोजणाऱ्या) पद्धतीची असते, पंचांगातली रास चंद्राची आणि निरयन (स्थिर ताऱ्यांवरून मोजलेली). दोन्ही पद्धतींतला फरक, म्हणजे अयनांश, सध्या २४ अंशांच्या थोडा वर आहे. ५ एप्रिलला जन्मलेली व्यक्ती स्वतःला ‘एरीज’ समजते. निरयन पद्धतीत त्या दिवशी सूर्य मीनेत असतो आणि चंद्र बाराही राशींपैकी कोणत्याही राशीत असू शकतो.

वर्तुळ : सगळ्यात महागडी चूक

३६० अंशांचे सत्तावीस भाग केले की प्रत्येकी १३ अंश २० कला येतात (साठ कलांचा एक अंश). कागदावर हे सोपे दिसते. जमिनीवर दोन झाडांमधले अंतर त्रिज्येच्या ०.२३२ पट निघते. म्हणजे १० मीटर त्रिज्येचे वर्तुळ घेतले, आणि मध्यम आकाराच्या सोसायटीला एवढीच जागा सुटते, तर दोन झाडांत २ मीटर ३० सेंटिमीटर उरतात. एवढ्यात आंबा, फणस, मोह, कदंब यांचे काय होणार? उलट हिशेब असा करा : हवे असलेले अंतर गुणिले ४.३ बरोबर त्रिज्या. मध्यम झाडांना किमान ६ मीटर धरले तर त्रिज्या जवळपास २६ मीटर, म्हणजे झाडांच्या फांद्या धरून अर्ध्या एकराहून बरीच जास्त जागा लागते.

त्यातही एकसारखे अंतर ठेवणे ही वेगळीच चूक आहे. क्रम नीट वाचा : पुष्य–पिंपळ, आश्लेषा–नागचाफा, मघा–वड, पूर्वा फाल्गुनी–पळस, उत्तरा फाल्गुनी–पायर, हस्त–जाई. पिंपळ, वड आणि पायर हे तीन महावृक्ष एक आड एक येतात. त्यांच्या मध्ये अडकतात सर्वांत सावकाश वाढणारा नागचाफा आणि भरपूर ऊन मागणारा पळस, आणि पायरीच्या सावलीत फुले न धरणारी जाई. बहुतेक नक्षत्रवने नेमकी याच चापात मरतात. रोपे वाईट नसतात, माळीही वाईट नसतो, आखणीच तशी असते.

उपाय असा. वर्तुळ एकच न ठेवता दोन कडी करा. नक्षत्राची त्रिज्यारेषा तीच राहू द्या, झाड मात्र त्या रेषेवर आत-बाहेर सरकवा. आतले कडे २५ मीटरवर आणि वड, पिंपळ, पायर, उंबर, सावर यांचे बाहेरचे कडे ३७ मीटरवर धरले, तर पिंपळ आणि वडात १७ मीटर मिळतात. त्यांच्या मधल्या कोनात पण आतल्या कड्यावर असलेला नागचाफा दोघांपासून सुमारे १४ मीटरवर राहतो. क्रम मोडत नाही, कोन मोडत नाही. जाई, रुई आणि वेत आणखी आत, वाटेच्या कडेला आले तरी चालतात. फक्त वेताला सावली हवी, म्हणून पूर्वाषाढेचा वेत शेजारच्या फणसाच्या आडोशाला ओढून घ्या.

एवढी जागा नसेल तर गोल करायचा हट्ट सोडा. इमारतीभोवतीच्या फेरफटक्याच्या वाटेवर, फाटकापासून सुरुवात करून क्रमाने सत्तावीस ठिकाणे ठरवली तरी ते नक्षत्रवनच असते. आवारात आधीपासूनचा वड किंवा पिंपळ असेल तर त्यालाच मघा किंवा पुष्य माना आणि बाकीचा क्रम त्याच्यापासून दोन्ही बाजूंना मोजा. पन्नास वर्षांचा पिंपळ असताना दहा फुटांवर नवा पिंपळ लावण्यात काही अर्थ नाही.

मोजणीची एक व्यवहारी अडचण आहे. मध्यखुंटीला दोरी बांधून पहिल्या झाडापासून एकेक अंतर मोजत गेलात तर प्रत्येक वेळी १० सेंटिमीटरची चूक सत्ताविसाव्या झाडाशी अडीच मीटरहून जास्त होते आणि रेवती-अश्विनीतले अंतर पार बिघडते. नायलॉनची दोरी ताणते, म्हणून पोलादी टेप वापरा आणि आधी वर्तुळाचे तीन भाग पाडा. दोन बिंदूंमधले सरळ अंतर त्रिज्येच्या १.७३२ पट असते, म्हणजे २५ मीटर त्रिज्येला ४३.३ मीटर. मग प्रत्येक भागाचे तीन, तिथे अंतर त्रिज्येच्या ०.६८४ पट, म्हणजे १७.१ मीटर. वर्तुळ बंद होते का ते पाहा आणि मगच शेवटचे तीन-तीन भाग करा. पहिले तीन बिंदू म्हणजे अश्विनी, मघा आणि मूळ यांचे आरंभ. अख्ख्या राशिचक्रात रास आणि नक्षत्र एकत्र सुरू होतात ती हीच तीन ठिकाणे. बाकीच्या नऊ राशींच्या सीमा नक्षत्राच्या पोटातून जातात.

याच कारणाने राशींच्या बारा पाट्या झाडांच्या बुंध्याशी लावल्या की चूक होते. एका राशीत सव्वादोन नक्षत्रे. कृत्तिकेचा पहिला चरण (पाव भाग) मेषेत, पुढचे तीन वृषभेत. मृग, चित्रा आणि धनिष्ठा निम्मी-निम्मी विभागलेली. राशींसाठी दर ३० अंशांवर जमिनीत वेगळा सीमादगड बसवा, झाड नक्षत्राच्या भागाच्या मध्यावर ठेवा. त्या हिशेबाने अश्विनीचा कुचला ६ अंश ४० कलांवर येतो, कृत्तिकेचा उंबर ३३ अंश २० कलांवर, म्हणजे मेषेची सीमा ओलांडून वृषभेत. पाहणाऱ्याला ‘उंबर मेषेचा की वृषभेचा’ हे दगड पाहून आपोआप कळते.

दिशा फोनवर पाहू नका

आरसीसी स्लॅबमधल्या सळ्या, लिफ्टचा खड्डा, पार्किंगमधल्या गाड्या यांच्यामुळे फोनचे होकायंत्र सहज पंधरा-वीस अंशांनी भरकटते, आणि नक्षत्राचा अख्खा भाग तेरा अंशांचाच आहे. जुनी शंकूची पद्धत यापेक्षा कितीतरी भरवशाची. हिवाळ्यातल्या निरभ्र दिवशी सपाट जागेत १ मीटर उंचीची सरळ काठी ओळंब्याने उभी करा. तिच्याभोवती दीड मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला आत येताना जिथे शिवते तिथे एक खूण आणि दुपारी बाहेर जाताना शिवते तिथे दुसरी. डिसेंबरमध्ये ही वेळ दहा आणि तीनच्या सुमाराची. दोन्ही खुणा जोडणारी रेघ म्हणजे पूर्व-पश्चिम. ‘बारा वाजताची सावली उत्तरेला’ हे मात्र धरून चालू नका. ठाण्यात सूर्य मध्यावर येतो तो ऋतूनुसार १२.२० ते १२.५५च्या दरम्यान.

क्रम डावा की उजवा हेही आधीच ठरवा. प्रदक्षिणा घालताना नक्षत्रे ओळीने भेटावीत असे वाटत असेल तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. मध्यभागी उभे राहून आकाशाशी पडताळायचे असेल तर उलट, कारण आकाशात राशींचा क्रम पश्चिमेकडून पूर्वेकडे जातो. दोन्ही पद्धती योग्य आहेत. अर्धे वर्तुळ एका ठेकेदाराने आणि अर्धे दुसऱ्याने आखले की मात्र पंचाईत होते.

रोपवाटिकेत फसू नका

बागेचे नाव ज्या झाडांवर उभे आहे ती झाडेच चुकीची असतील तर बाकी सगळी मेहनत वाया. नावाला भुलू नका, पान पाहा.

‘शमी’ म्हणून कुंडीत जे सर्रास मिळते, ज्याला गुलाबी-पिवळे दुरंगी तुरे येतात, ते डायक्रोस्टॅकिस. खरी शमी म्हणजे प्रोसोपिस सिनेरारिया, फुले फिकट पिवळी आणि एकरंगी. रस्त्याकडेची वेडी बाभूळ तिची परदेशी चुलत बहीण, तीही शमी म्हणून गळ्यात मारली जाते.

‘नागचंपा’ मागितला की पांढऱ्या फुलांचा, चमच्यासारख्या पानांचा चाफ्याचा प्रकार हाती येतो. कुठे कैलासपती मिळतो, त्यालाही नागलिंग म्हणतात. खऱ्या नागचाफ्याची पाने अरुंद, टोकदार, खालून पांढुरकी आणि कोवळी पालवी लालबुंद असते.

कदंब आणि कळंब यांत सगळेच अडकतात. मोठा नारिंगी चेंडू येतो तो कदंब. कळंबाचे गोंडे लहान, फिकट आणि पानेही लहान. शततारकेला आपल्याकडच्या याद्या कळंब लिहितात, बहुतेक ठिकाणी लावला जातो कदंब. दोन्हीला आधार आहे, पण कदंब झपाट्याने वाढतो आणि लाकूड ठिसूळ असल्याने जुलैच्या वादळी वाऱ्यात फांद्या मोडतो. मुलांच्या खेळण्याच्या जागेजवळ कळंब बरा.

अर्जुन म्हणून ऐन देतात. अर्जुनाची साल गुळगुळीत, पांढुरकी, पापुद्रे सुटणारी, तर ऐनाची मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. रोप लहान असताना साल दिसत नाही, म्हणून मातृवृक्ष दाखवायला सांगा. पायरीऐवजी शोभेचा बेंजामिना फायकस देण्याचा प्रकार तर नित्याचा. वेळूसाठी काटेरी कळक घेऊ नका. कोकणातला बिनकाट्यांचा माणगा घ्या.

मोह, पळस आणि साल या तिघांचे सोटमूळ लांब जाते, पिशवीत गुंडाळले गेलेले रोप पुढे कधीच जोर धरत नाही. पळस आणि मोहाचे ताजे बी पावसाच्या तोंडावर जागेवरच पेरणे उत्तम, एका जागी तीन बिया, वर्षाने सशक्त एक ठेवायचे. सालाचे बी झाडावरून पडल्यावर आठवडाभरच जिवंत राहते, त्यामुळे त्याचे रोप आधीच सांगून ठेवावे लागते. सामाजिक वनीकरण आणि वनविभागाच्या रोपवाटिकांत ही झाडे मिळण्याची शक्यता शोभेच्या नर्सरीपेक्षा जास्त. येऊरच्या जंगलातून रोपे उपटून आणू नका. ते राष्ट्रीय उद्यान आहे, आणि उपटलेला मोह जगतही नाही.

जमीन पाहिल्याशिवाय खड्डा नको

घोडबंदरच्या टेकड्यांकडच्या बाजूला कठीण मुरूम, त्यात पावसाचे पाणी वाटीत साचावे तसे खड्ड्यात साचते. खाडीकडेच्या नवी मुंबईत चिकण गाळ, त्यावर बांधकामाच्या राडारोड्याचा भराव आणि खालून खारे पाणी. इथे चार महिन्यांत दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि पुढचे आठ महिने जवळपास काहीच नाही. दोन्ही टोके एकाच झाडाने सोसायची असतात.

लागवडीच्या आधी ४५ सेंटिमीटर खोल खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा तासाला किमान २-३ सेंटिमीटर पाणी उतरले पाहिजे. उतरत नसेल तर खड्डा आणखी खोल करून शेणखत ओतणे ही सर्रास होणारी चूक, त्याने फक्त मोठी वाटी तयार होते. उलट ४५ सेंटिमीटर उंच, पायथ्याशी दीड-दोन मीटर रुंद असा उंचवटा करा आणि त्यावर लावा. खैर, शमी, बेल, आवळा आणि मोह यांना हा उंचवटा हवाच. सखल, ओली राहणारी जागा अर्जुन, जांभूळ, कदंब यांना द्या, तिघेही चिखल सोसतात.

खाडीजवळच्या भूखंडावर एक मीटर खोल खड्डा खणून तळाचे पाणी अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाहा. एरवी कोरडा असलेला खड्डा तेव्हा भरतो. मातीची क्षारता तपासून घ्या. विद्युतवाहकता (क्षारतेचे माप) ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर नागकेशर, साल आणि कृष्णागरू यांच्यासाठी भरावाची चांगली माती बाहेरून आणावीच लागेल. पनवेलला कोकण कृषी विद्यापीठाचे खार जमीन संशोधन केंद्र आहे, अशा जमिनींचा अभ्यास तिथेच होतो.

खड्डा मध्यम झाडाला ६० सेंटिमीटरचा घन, मोठ्याला एक मीटरचा. भरताना तीन भाग तिथलीच चाळलेली माती, एक भाग कुजलेले शेणखत. मुरमात वाळवीचा त्रास असतो, तिथे खड्ड्यात अर्धे कच्चे खत किंवा पालापाचोळा पुरू नका. पिशवी कापल्यावर गोल फिरलेली मुळे दिसली तर तीन बाजूंनी उभे काप द्या. रोपाची मान, म्हणजे खोड आणि मुळे जुळतात ती जागा, जमिनीच्या पातळीच्या दोन बोटे वर ठेवा. माती बसते तशी ती खाली येते. आच्छादन ८-१० सेंटिमीटर जाड, पण खोडापासून वीतभर दूर.

मुहूर्ताच्या हट्टापायी मार्चमध्ये लावू नका

वाढदिवसाला किंवा आपल्या नक्षत्राच्या दिवशीच झाड लावायचे म्हणून कोणी मार्चमध्ये लावतो, कोणी डिसेंबरात. इथे खात्रीची लागवड म्हणजे सूर्य मृगात शिरला की, म्हणजे ७-८ जूननंतर, दोन दमदार पाऊस झाल्यावर, पुनर्वसू संपेपर्यंत, साधारण २० जुलैपर्यंत. आणि इथे मुहूर्त आणि माती यांचे भांडणच नाही. चंद्र महिनाभरात सगळी नक्षत्रे फिरतो, म्हणजे या सहा आठवड्यांत प्रत्येक नक्षत्राचा दिवस किमान एकदा येतोच. पंचांग उघडा, सत्तावीस तारखा लिहा, प्रत्येक झाड त्याच्याच नक्षत्राच्या दिवशी लावा. एका दिवशी सत्तावीस खड्ड्यांना माळी पुरत नाही, ती अडचणही सुटते.

पहिल्या वर्षी ऑक्टोबरपासून मेअखेर आठवड्यातून दोनदा १५-२० लिटर, दुसऱ्या वर्षी एकदा २५-३० लिटर. सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे किंवा बोअरचे पाणी द्यायचे असेल तर आधी त्यातले क्षार मोजून घ्या.

पोडियमवर वड-पिंपळ नको

नव्या संकुलांची बाग पार्किंगच्या स्लॅबवर असते. ओल्या मातीचे वजन घनमीटरला १,८०० ते २,००० किलो. साठ सेंटिमीटर थर म्हणजे चौरस मीटरला अकराशे-बाराशे किलो. हे वजन स्लॅबच्या आरेखनात धरले आहे का, याचे उत्तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. वजन पेलले तरी वड, पिंपळ, उंबर, पायर यांची मुळे वॉटरप्रूफिंगचा थर फोडतात आणि गळती कुठून होते ते वर्षानुवर्षे सापडत नाही. जमिनीवरही ही चार झाडे इमारत, सांडपाण्याची वाहिनी आणि कुंपणभिंत यांपासून १५ मीटर दूर ठेवा. चूक लक्षात येईपर्यंत झाड मोठे झाले की ते सहज काढता येत नाही. १९७५च्या झाडांच्या संरक्षण व जतन अधिनियमानुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे.

पोडियमवर नवग्रह वाटिकेतली लहान मंडळी बसवा. गॅलरीत तर एवढेच करावे.

नवग्रह वाटिका

ग्रहशांतीच्या समिधा तुम्हाला ठाऊक असतील : सूर्य–रुई, चंद्र–पळस, मंगळ–खैर, बुध–आघाडा, गुरू–पिंपळ, शुक्र–उंबर, शनी–शमी, राहू–दूर्वा, केतू–दर्भ. मांडणीत सूर्य मध्ये, शुक्र पूर्वेला, चंद्र आग्नेयेला, मंगळ दक्षिणेला, राहू नैर्ऋत्येला, शनी पश्चिमेला, केतू वायव्येला, गुरू उत्तरेला, बुध ईशान्येला. नऊ सारख्या चौकोनांत ही झाडे लावली की पाच वर्षांत रुई, आघाडा आणि दूर्वा अंधारात जातात.

मांडणी मात्र शहाणपणाची आहे. सर्वांत मोठा पिंपळ उत्तरेला येतो, आणि आपल्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंतचे दिवस सोडले तर दुपारची सावली उत्तरेलाच पडते, म्हणजे वाटिकेच्या बाहेर. फक्त त्याला चौकोनातून बाहेर, मध्यापासून १२-१५ मीटरवर न्या. उंबर पूर्वेला असल्याने सकाळचे ऊन अडवतो, त्यालाही किमान दहा मीटर द्या. दक्षिणेच्या खैराची सावली डिसेंबरच्या दुपारी त्याच्या उंचीच्या ०.९२ पट लांब पडते. खैर पाच मीटर उंच ठेवायचा असेल तर रुई त्याच्यापासून पाच मीटर दूर हवी.

दूर्वा, दर्भ आणि आघाडा ही तिन्ही नव्या माळ्याच्या दृष्टीने तण. पहिल्याच खुरपणीत बुध, राहू आणि केतू कचऱ्यात जातात. प्रत्येकाला दगडी किंवा विटांची चौकट करा आणि माळी बदलला की त्याला प्रत्यक्ष दाखवा. दर्भ जमिनीखालून पसरतो, म्हणून तळ काढलेला ड्रम ४५ सेंटिमीटर पुरून त्यात लावा. आघाडा उन्हाळ्याकडे सुकतो. बी कपड्यांना चिकटते, तेच दिवाळीनंतर गोळा करून ठेवा आणि जूनमध्ये त्याच चौकटीत टाका.

मुलांच्या हाताशी काय लावताय?

अश्विनीचा कुचला, आपला काजरा, कोकणातलाच, इथे उत्तम येतो. त्याची पिकलेली फळे नारिंगी, संत्र्यासारखी मोहक आणि बी जीवघेणे विषारी. क्रमातले पहिलेच झाड म्हणून ते नेमके फाटकाजवळ, घसरगुंडीच्या शेजारी येते. वर्तुळाचा आरंभ खेळण्याच्या जागेपासून दूर राहील अशी आखणी करा, कुचल्याभोवती कुंपण घाला आणि पाटीवर ‘विषारी’ हा शब्द नक्षत्राच्या नावाइतकाच मोठा लिहा. रुईचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते, ती छाटायला माळ्याला चष्मा द्या. सावरीचा कापूस उन्हाळ्यात उडतो, दम्याचे रुग्ण असलेल्या इमारतीच्या खिडक्यांपासून ती लांब हवी. फणस आणि जांभूळ पार्किंगवर नकोत.

पाट्या खिळ्याने ठोकू नका, खोडापासून मीटरभर अंतरावर खांबावर लावा. कोवळ्या पिंपळाभोवती सिमेंटचा पार बांधू नका. दीड मीटर चौरस माती उघडी राहू द्या, पेव्हर ब्लॉक त्याच्या बाहेर.

‘झाड मेले’ म्हणण्यापूर्वी

जानेवारी-फेब्रुवारीत सावर निष्पर्ण होते, पळस फुलण्यापूर्वी पाने टाकतो, मोह मार्चच्या आसपास रिकामा दिसतो, आवळ्याच्या बारीक डहाळ्या पानांसकट गळतात. हे सगळे नैसर्गिक. घाबरून रोज पाणी ओतले की मुळे कुजतात आणि झाड खरेच जाते. नखाने साल खरवडून पाहा, खाली हिरवे असेल तर झाड जिवंत आहे.

नागचाफ्याची नवी पाने लाल येतात, तो रोग नाही, फवारणी नको. बेलाच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी लिंबाच्या फुलपाखराची असते. रोप लहान असेल तर हाताने वेचा, मोठे असेल तर खाऊ द्या. पानांच्या कडा मार्च-एप्रिलमध्ये करपल्या तर पाण्यातले क्षार तपासा, खत वाढवू नका. ऑगस्टमध्ये बेल किंवा शमी पिवळी पडली तर बुंध्याशी काठी खुपसून पाहा. काठी चिखल घेऊन वर आली की पाणी बाहेर काढणारा चर त्याच दिवशी खणा, दसऱ्याची वाट पाहू नका.

मेलेल्या झाडाच्या जागी दुसरे कोणतेही रोप लावून आळे भरून टाकू नका. तिथे आधी का मेले ते शोधा, उंचवटा करा किंवा रेषेवर दोन मीटर आत-बाहेर सरका आणि पुढच्या मृगात त्याच जातीचे रोप लावा. तोवर पाटी काढू नका. तिच्याखाली खडूने ‘रोप जूनमध्ये’ असे लिहून ठेवा.